झांबियाचं तांबं आणि एका फॉरवर्डचा हिशेब

पुण्यातल्या निम्म्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, तळजाईला सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तर तो एकाच दिवशी तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा:

‘आफ्रिकेतल्या झांबियाकडे तांब्याचे डोंगर आहेत. १९६४ साली ब्रिटिश गेले तेव्हा देश श्रीमंत होता. मग समाजवाद्यांनी खाणी सरकारी करून वाटोळं केलं. पुढे परदेशी कंपन्या आल्या, डॉलर आले, सुबत्ता आली. पण लोकांनी नुसता कच्चा माल विकला, कारखाने काढले नाहीत. नेत्यांनी चीनकडे देश गहाण टाकला आणि २०२० मध्ये दिवाळं निघालं. आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तांब्याला सोन्याचे दिवस येणार. परदेशी कंपन्यांना मोकळं रान दिलं तर झांबियाचं दुबई होईल. गडचिरोलीने यातून धडा घ्यावा.’

खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

धादांत खोट्या संदेशाकडे मी सहसा लक्ष देत नाही. हा अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त त्रासदायक. माझी नोकरी कॉस्टिंगमध्ये गेली, तीही भोसरी-चाकण पट्ट्यात. मोटारींच्या वाइंडिंगची तार हा तिथला रोजचा विषय आणि लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव हा सकाळच्या चहाआधीचा. त्यामुळे तांब्यावर कुणी ठोकून लिहिलं की हात शिवशिवतात.

‘ब्रिटिश गेले तेव्हा देश श्रीमंत होता’

तांबं श्रीमंत होतं. देश नव्हता. त्या जमिनीखालच्या खनिजाचे हक्क साम्राज्यवादी उद्योजक सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीकडे होते आणि खाणींकडून मिळणारी रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजावरचा हक्कदाराचा वाटा, अनेक दशकं त्या कंपनीच्या खिशात जात होती. २४ ऑक्टोबर १९६४ ला स्वातंत्र्य मिळायचं होतं आणि अगदी त्या तोंडावरच हक्कांचा वाद मिटला. कसा मिटला? कंपनीला ४० लाख पौंड मोबदला द्यायचा, निम्मा ब्रिटनने आणि निम्मा झांबियाने. आपल्याच जमिनीतल्या खनिजाचा हक्क परत घेण्यासाठी नव्या देशाने पहिल्याच दिवशी २० लाख पौंड मोजले.

खाणी दोन गटांच्या होत्या, अँग्लो अमेरिकन आणि रोअन सिलेक्शन ट्रस्ट. देशात पदवीधर जेमतेम शंभरएक. एवढ्या माणसांत खाणी, सरकार आणि शाळा चालवायच्या. रेल्वे दक्षिणेला, म्हणजे ऱ्होडेशियातून (आजच्या झिंबाब्वेतून) जाणारी. पुढच्याच वर्षी तिथल्या गोऱ्या राजवटीने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १९७३ मध्ये सीमाच बंद झाली. दोन वर्षांनी अंगोलाच्या यादवीने पश्चिमेकडची बेंग्वेला रेल्वेही गेली. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश, निर्यातीला एकच माल, आणि तो बंदरापर्यंत न्यायच्या जुन्या वाटा बंद.

‘खाणी सरकारी केल्या आणि वाटोळं झालं’

हा मुद्दा सावकाश घ्यावा लागेल, कारण इथे आकडे खरे आहेत आणि निष्कर्ष घाईचा.

पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी १९६९ मध्ये खाणींचा ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेण्याची घोषणा केली. त्या वर्षी उत्पादन सुमारे ७ लाख २० हजार टन होतं. २००० साली ते अडीच लाख टनांच्या आसपास आलं. संदेशकर्त्याने हे दोन बिंदू घेऊन मध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली आहे. पण खरा आलेख तसा नाही. राष्ट्रीयीकरणानंतर सहा-सात वर्षांनी, १९७६ मध्येही, उत्पादन ७ लाख टनांच्या वरच होतं. एवढंच नाही, ५१ टक्के सरकारी झाल्यावरही खाणींचं व्यवस्थापन आणि तांब्याची विक्री १९७३ पर्यंत करारानं जुन्याच कंपन्यांकडे होती, आणि त्यासाठी त्या वेगळी फी घेत होत्या. पाटी बदलली होती, टेबलामागची माणसं तीच होती.

मग पडझड कशाने झाली? १९७३ मध्ये तेल भडकलं, १९७४-७५ मध्ये तांबं कोसळलं. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग तांब्यातून येत होता, तो आटला. सगळ्यांना वाटलं, भाव वर्ष-दोन वर्षांत परत येईल, तोवर कर्ज काढू. भाव आला नाही, व्याज मात्र वाढत गेलं. १९८० च्या दशकात नाणेनिधीच्या अटींवर मक्याच्या पिठावरचं अनुदान कमी केलं तर डिसेंबर १९८६ मध्ये खाणपट्ट्यात दंगली झाल्या, माणसं मेली, निर्णय मागे घ्यावा लागला.

इथे सरकारची चूक मोठी होती आणि ती झाकायचं कारण नाही. झेडसीसीएम ही १९८२ मध्ये बनलेली सरकारी खाण कंपनी दुभत्या गाईसारखी पिळली गेली. तिच्याकडून दवाखाने, शाळा, वसाहतींची सफाई सगळं करून घेतलं, वर सरकारी तिजोरीही भरून घेतली, आणि नवी यंत्रं किंवा नवी खाण यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. खाणीचं असं असतं की आज वरचा थर काढून पुढच्या दहा वर्षांची सोय केली नाही, तर त्याचा फटका दहा वर्षांनीच कळतो. कारखान्यात ही चूक लवकर पकडली जाते, खाणीत नाही.

पण यावरून ‘सरकारी म्हणजे बुडीत’ हा नियम निघतो का? झांबियाच्याच सुमारास, १९७१ मध्ये, चिलीने आपल्या मोठ्या तांब्याच्या खाणी राष्ट्रीयीकृत केल्या. दोन वर्षांनी तिथे लष्करी उठाव झाला, पिनोशेची राजवट आली, तिने खाजगीकरणाचा सपाटा लावला. कोडेल्को ही सरकारी खाण कंपनी मात्र तिने विकली नाही. ती आजही सरकारी आहे, आणि चिली जगातला पहिल्या क्रमांकाचा तांबं उत्पादक आहे. खाजगी परदेशी खाणीही तिथे शेजारीच चालतात. मालकीच्या पाटीने निकाल ठरत असता तर ही दोन उदाहरणं एकाच दिशेला गेली असती.

‘परदेशी कंपन्या आल्या, डॉलर आले, सुबत्ता आली’

संदेशाचा जीव या वाक्यात आहे, आणि माझ्या धंद्याचा विषयही हाच.

१९९७ ते २००० या काळात झांबियाने खाणी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या. त्या वेळी तांब्याचा भाव पडलेला, सावकार दारात, नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा तगादा. अडल्या हरीने केलेला सौदा तो. कायद्याने रॉयल्टी ३ टक्के होती, पण कंपन्यांशी केलेल्या ‘विकास करारां’त ती ०.६ टक्क्यावर आणली. ०.६ हा छापखान्याचा दोष नाही. शंभर डॉलरच्या तांब्यामागे साठ सेंट. वर अशी हमी की पुढची पंधरा-वीस वर्षं कराच्या अटी बदलणार नाही. हे करार गुप्त होते. ज्यांच्या नावाने ते झाले त्या लोकांना ते वाचायला मिळत नव्हते.

आणि आलेले सगळे टिकले का? अँग्लो अमेरिकनने २००० मध्ये कोंकोला ही मोठी खाण घेतली आणि दोनच वर्षांत, भाव पडलेला पाहून, सोडून दिली. परदेशी गुंतवणूकदार भावासोबत येतो आणि भावासोबतच जातो. २००४ मध्ये आपल्या अनिल अग्रवालांच्या वेदांताने कोंकोलाचा ५१ टक्के हिस्सा घेतला, सुरुवातीला रोख मोजले अडीच कोटी डॉलर. त्याच काळात चीनची मागणी उसळली आणि २००२ मध्ये टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास रेंगाळणारं तांबं २००६ मध्ये आठ हजारांवर गेलं. ज्याला संदेश ‘सुबत्ता’ म्हणतो, ती मुख्यतः ही भाववाढ आहे. उत्पादनही वाढलं, २०१० नंतर ७ लाख टनांच्या पुढे गेलं, नवी यंत्रं आली, कान्सान्शीसारखी खाण फर्स्ट क्वांटमने उभी केली, हे सगळं मान्य. पण भाव पाचपट आणि रॉयल्टी ०.६ टक्के, तर त्या वाढीतलं देशात किती राहिलं?

आता ‘डॉलर आले’ म्हणजे नेमकं काय, ते पाहू. परकीय गुंतवणुकीच्या आकड्यात तीन गोष्टी मोजतात. एक, मूळ कंपनीने घातलेलं भागभांडवल. दोन, इथेच कमावलेला पण बाहेर न नेलेला नफा. तो कागदोपत्री ‘आलेली’ गुंतवणूक धरला जातो, जरी एक डॉलरही सीमा ओलांडून आलेला नसला तरी. तीन, मूळ कंपनीने आपल्याच उपकंपनीला दिलेलं कर्ज. या तिसऱ्यात खरी गंमत आहे. भांडवल घातलं तर लाभांश नफ्यातून, म्हणजे कर भरून उरलेल्यातून न्यावा लागतो. कर्ज दिलं तर व्याज हा खर्च, तो कराआधीच वजा होतो. त्यामुळे गुंतवणुकीच्या तक्त्यात जो पैसा ‘आला’ म्हणून मिरवतो, तोच पुढची कित्येक वर्षं करपात्र नफा खात बसतो. बेकायदा काही नाही. चाकणमधला कुठलाही सीए हे झोपेतसुद्धा समजावून सांगेल.

दुसरी वाट विक्रीच्या भावाची. समजा लंडनचा भाव ८,००० डॉलर आहे, खाणीचा खर्च ५,०००. नफा ३,०००. आता खाणीने तेच तांबं आपल्याच समूहातल्या दुसऱ्या देशातल्या व्यापारी कंपनीला ७,००० ला विकलं, तर झांबियात नफा उरला २,०००. उरलेले हजार दुसऱ्या वहीत, जिथे कर कमी. हा आकडा मी समजावण्यासाठी घेतला आहे, पण प्रकार काल्पनिक नाही. तेव्हा ग्लेनकोर या स्विस खाण-व्यापार कंपनीच्या ताब्यात असलेली मोपानी खाण समूहातच कमी भावाने तांबं विकत होती, असा झांबियाच्या करखात्याचा दावा होता. तो खालपासून वरपर्यंत लढला गेला आणि मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करखात्याच्या बाजूने निकाल दिला. रक्कम सुमारे २४ कोटी क्वाचा (झांबियाचं चलन), म्हणजे दीडेक कोटी डॉलरच्याही आत. आणि वर्षं कुठली? २००६ ते २००९ च्या आसपासची. तांबं विकलं गेलं तेव्हाच्या भरभराटीचा कर, देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना मंजूर झाला.

काही वर्षं तर झांबियाच्या निर्यातीच्या नोंदीत सर्वांत मोठा खरेदीदार स्वित्झर्लंड दिसायचा. तांबं तिथे जात नव्हतं. ते दार-ए-सलाम किंवा डर्बनच्या बंदरातून चीनकडे जायचं. बिल तेवढं स्वित्झर्लंडच्या व्यापारी कंपनीच्या नावाचं. व्यापारात हे सर्रास चालतं, पण भाव कोणी ठरवला हे तपासायला झांबियाची राजधानी लुसाका इथल्या अधिकाऱ्याला स्वित्झर्लंडमधल्या झूगच्या वहीत डोकावावं लागतं.

भारताने यासाठी २००१ मध्येच ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या भावाचा, कायदा केला आणि समूहातल्या प्रत्येक परदेशी व्यवहाराला दरवर्षी थ्री-सीईबी अर्ज लावला. त्या अर्जावर आम्ही सगळ्यांनी भरपूर शिव्या घातल्या आहेत. झांबियाची कहाणी वाचल्यावर त्या जरा आवरत्या घ्याव्या लागतात.

देशाने काहीच केलं नाही असंही नाही. २००८ मध्ये जुने करार मोडून रॉयल्टी ३ टक्के केली, ती लंडनच्या भावावर आकारायचं ठरवलं, आणि चढ्या भावावर जादा करही बसवला. वर्षअखेर जागतिक मंदीत तांबं ३,००० च्या खाली आलं, कंपन्यांनी खाणी बंद करण्याची भाषा केली, आणि २००९ मध्ये जादा कर गेला. २०११ मध्ये भाव १०,००० वर गेला तेव्हा तो कर कायद्यात नव्हता. मग रॉयल्टी ६ टक्के, मग पुन्हा बदल, पुन्हा माघार. कंपन्या म्हणतात, सतत अटी बदलणाऱ्या देशात कोण पैसे घालेल? त्यांचं हे म्हणणंही खोटं नाही. पण पहिला करारच इतका एकतर्फी असेल तर तो बदलायची वेळ येणारच.

आणि खर्चाची एक बाजू कुठल्याच ताळेबंदात नव्हती. चिंगोलाजवळच्या खेडुतांनी कोंकोलाच्या खाणीतून नदीत येणाऱ्या पाण्याबद्दल थेट लंडनमध्ये दावा लावला. १,८०० हून अधिक लोक होते. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ कंपनीवर इंग्लंडमध्ये खटला चालू शकतो. पुढे २०२१ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या, चिनी मालकीच्या खाणीचा आम्लयुक्त गाळाचा बांध चंबिशीजवळ फुटला आणि ते पाणी काफुए नदीत गेलं. कित्वे शहराचा पाणीपुरवठा थांबवावा लागला. लंडनची कंपनी असो, बीजिंगची असो, नदी तीच.

‘कच्चा माल विकला, कारखाने काढले नाहीत’

हा मुद्दा पुण्यात पटकन पटतो, कारण तो आपल्या अंगवळणी पडला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली इथेच, डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात, उष्ण देशांनी शेतमाल पिकवावा आणि थंड देशांनी कारखाने चालवावेत या वाटणीवर झोड उठवली होती. तेव्हापासून ‘कच्चा माल बाहेर, पक्का माल आत’ म्हटलं की आपल्या माना डोलतात.

पण झांबिया खडक विकत नाही. खनिज दळून २५-३० टक्के तांब्याचा कॉन्सन्ट्रेट, मग भट्टीत ९९ टक्क्यांचे अॅनोड, मग विद्युतशुद्धीकरणाने ९९.९९ टक्क्यांचे कॅथोड: यातलं बरंचसं काम देशातच होतं. मुफुलिरा, चंबिशी, न्चांगा इथे भट्ट्या आहेत, २०१५ मध्ये कान्सान्शीची मोठी भट्टी सुरू झाली. लुआनशात तांब्याची तार आणि केबल काढणारा कारखानाही आहे, पण देशाच्या एकूण तांब्यात त्याचा वाटा किरकोळ.

मग पैसा का मिळाला नाही? कारण भट्टीत पैसा नसतो. भट्टीवाल्याला मिळते ती प्रक्रियेची मजुरी. जगभरच्या करारांना आधार असलेला हा दर २०२४ साठी कॉन्सन्ट्रेटच्या टनाला ८० डॉलर होता, २०२५ साठी तो २१ डॉलर २५ सेंटवर आला. चीनमध्ये भट्ट्या इतक्या झाल्या की मालासाठी त्या एकमेकींचे दर पाडतात. तांब्यातली खरी कमाई खाणीच्या तोंडाशी असते, आणि तिथेच झांबियाने ०.६ टक्क्याचा सौदा केला होता. तांबट आळीत पत्र्याचा हंडा ठोकणाऱ्याची कला मोठी, पण हंड्याच्या किमतीत तांब्याचं वजन किती आणि मजुरी किती हे कसब्यातलं गिऱ्हाईकसुद्धा जाणतं.

कारखाने नकोत असं मी म्हणत नाही. मोटारी, केबल, ट्रान्सफॉर्मर बनवायला लागणारी वीज, कुशल कामगार आणि जवळची बाजारपेठ उभी करायला दोन पिढ्या लागतात आणि त्यासाठी पैसा खाणीतूनच यावा लागतो. तोच आला नाही.

‘चीनकडे देश गहाण टाकला’

थोडक्यात. चीन सर्वांत मोठा सरकारी सावकार होता, हे बरोबर: २०२३ मध्ये ज्या ६३० कोटी डॉलरच्या सरकारी कर्जाची फेररचना झाली, त्यात चीनचं सुमारे ४१० कोटी. पण नोव्हेंबर २०२० मध्ये जो हप्ता चुकला तो चीनचा नव्हता. तो डॉलरमधल्या कर्जरोख्यांवरच्या ४ कोटी २५ लाख डॉलर व्याजाचा होता. २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये झांबियाने असे ३०० कोटी डॉलरचे रोखे विकले. पहिले साडेपाच टक्क्यांच्या आत, शेवटचे नऊच्या जवळ. ते घेतले मुख्यतः पाश्चात्त्य फंडांनी. भाव चढा असताना भावाच्या जोरावर कर्ज, २०१६ मध्ये भाव साडेचार हजारावर आल्यावर व्याजाची बोंब. १९७५ चाच खेळ, सावकार नवे. नेत्यांनी उधळपट्टी केली, खाल्लंही. पण फक्त बीजिंगला दोष देऊन लंडन-न्यूयॉर्कला सोडणं म्हणजे अर्धी वही वाचणं.

‘इलेक्ट्रिक गाड्या येणार, दुबई होणार’

पेट्रोलच्या गाडीत वीस-पंचवीस किलो तांबं लागतं, बॅटरीच्या गाडीत ऐंशीच्या आसपास. मागणी वाढणार यात वाद नाही. झांबियाने २०३१ पर्यंत ३० लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. २०२४ चं उत्पादन ८ लाखांच्या थोडं वर होतं. त्याच वर्षी दुष्काळ पडला, करिबा धरण तळाला गेलं, आणि ज्या देशाची बहुतेक वीज पाण्यावर बनते तिथे घरांत दिवसाचे कित्येक तास अंधार. खाणींनी वीज बाहेरून विकत आणली.

एकाच मालाच्या भावावर बसलेला देश शहाणपणाने वागूनही कसा अडकतो, यासाठी बोट्स्वाना पाहावा. हिऱ्यांच्या कंपनीत डी बिअर्ससोबत सरकारची निम्मी भागी, १९९४ पासून भावी पिढ्यांसाठी निधी, तुलनेने स्वच्छ कारभार. सगळं पुस्तकाबरहुकूम. मग सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे बनायला लागले, आपल्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत मांडले गेले, नैसर्गिक हिऱ्याची मागणी घसरली आणि २०२४ मध्ये बोट्स्वानाची अर्थव्यवस्था आकसली. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष त्या वर्षीची निवडणूक हरला.

‘गडचिरोलीने धडा घ्यावा’

घ्यावा, पण संदेशातला नव्हे. गडचिरोलीतल्या खाणी लोहखनिजाच्या, आणि भारतात लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्री भावाच्या १५ टक्के आहे. तो भाव आपल्या नागपुरातलं भारतीय खाण ब्यूरो दर महिन्याला, राज्यवार आणि प्रतवार जाहीर करतं. कुणीही पाहू शकतो. झांबियात जे २००८ पर्यंत नव्हतं ते आपल्याकडे आहे, आणि ते मोकळ्या रानातून आलेलं नाही, कायद्यातून आलं आहे. कच्चा दुवा इथेही आहे: तो सरासरी भाव खाणमालकांनीच कळवलेल्या विक्रीवरून काढतात.

शिवाय खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीच्या वर, खाणींच्या जुन्या भाडेपट्ट्यांवर तिच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के, एवढी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. खाणबाधित गावांचं पाणी, दवाखाने, शाळा यांना त्यात अग्रक्रम आहे. प्रतिष्ठानने जमा-खर्च आणि मंजूर कामांची यादी संकेतस्थळावर ठेवणं अपेक्षित आहे. गडचिरोलीची काळजी असणाऱ्यांनी ती यादी उघडावी, त्यातली किती कामं खाणीला लागून असलेल्या गावांतली आहेत ते मोजावं, आणि तो आकडा ग्रुपवर टाकावा. मी वाचीन.